शेपटीकडे कुणी बघितलंच नाही

परवा रात्री पावणेतीनला मी गॅलरीत उभी होते, नाशिकची नोव्हेंबरची थंडी, आत नवरा दुलई कानापर्यंत ओढून गाढ झोपलेला आणि मी गाऊनच्या बाह्या वर सारून ग्रिलच्या लोखंडाला कपाळ टेकवून, कारण अख्ख्या घरात तेवढीच एक गार वस्तू सापडली. पाळी जायच्या वयातल्या वाफा, डॉक्टरी भाषेत हॉट फ्लॅश. ज्यांना होतं त्यांना सांगायला नको. ज्यांना होत नाही त्यांच्यासाठी सांगते, आधी उगाचच काहीतरी होणारे असं वाटतं, छातीत एक ठोका चुकल्यासारखा, मग छाती, मान, कान असं कुणीतरी आतल्या बाजूने इस्त्री फिरवत वर वर येतं, मग घाम, उशी ओली, आणि चार-पाच मिनिटांत सगळं संपून हुडहुडी. की परत दुलईत. दीड तासाने परत गॅलरी.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "उष्णता आहे गं, सब्जा भिजवून घेत जा, आणि चहा कमी कर आधी." मी विचारलं तुला व्हायचं का असं. "व्हायचं की. अंगातून नुसत्या वाफा निघायच्या. पण सांगणार कुणाला, तुझ्या आजोबांना?"

मी शिक्षणाने फार्माकोलॉजीवाली, म्हणजे औषधं शरीरात काय करतात ते शिकलेली, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात थर्मामीटर लावून बघितला होता. आत भट्टी पेटलीये असं वाटत असताना आकडा आला ९८.२. दुसऱ्या दिवशीही तसाच. म्हणजे अंगात उष्णता "झालेली"च नाहीये, तरी शरीर ती बाहेर फेकायला निघालंय. हे कळलं आणि मला एकदम माझे उंदीर आठवले. तेवीस-चोवीस वर्षांत ज्यांची आठवण काढली नाही ते.

२००२ साली मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझा विषय होता शतावरीचा अर्क आणि हाडं. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतली ती विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हची मोठी ट्रायल मधेच थांबवली, म्हणजे त्यातला दोन हॉर्मोन्स एकत्र देण्याचा भाग, ब्रेस्ट कॅन्सर आणि हार्टचा धोका वाढतोय म्हणून, आणि जगभर डॉक्टर-पेशंट सगळेच हॉर्मोनच्या गोळ्यांना घाबरायला लागले. आमचे सर मात्र खूश. "आता बघ, प्लँट एक्स्ट्रॅक्टलाच दिवस येणार." मला काय, मला डिग्रीशी मतलब.

तर त्यासाठी, म्हणजे पाळी गेल्यासारखी अवस्था आणायला, विस्टार जातीच्या पांढऱ्या मादी उंदरांची ओव्हरी, म्हणजे बीजकोश, काढायची. पाठीवर शेवटच्या बरगडीच्या खाली बारीक काप घ्यायचा, आत चरबीचा पांढरा गोळा दिसतो, तो चिमट्याने हळूच बाहेर ओढला की त्यात ती असते, मसुराएवढी, तुतीसारखी दाणेदार आणि लालसर. दोरा बांधायचा, कापायची, बाकीचं आत ढकलून टाके. एका गटाला सगळं असंच करायचं पण ओव्हरी न काढता परत ठेवून द्यायची, त्याला शॅम म्हणतात. पहिल्यांदा माझे हात एवढे थरथरत होते की ॲनिमल हाऊसचे काकाच म्हणाले, "मॅडम, तुम्ही श्वास घ्या आधी, ती घेतीये व्यवस्थित."

ओव्हरी काढावी का लागते? कारण उंदरीण म्हातारी झाली म्हणून तिची पाळी जात नाही. मुळात तिला माणसासारखी पाळी येतच नाही, चार-पाच दिवसांचं चक्र असतं आणि वर्षाच्या आसपास ते बिघडायला लागतं, पण बिघडलं तरी इस्ट्रोजेन, म्हणजे ओव्हरीतून येणारं हॉर्मोन, आपल्यासारखं धाडकन खाली येत नाही, बरेच दिवस रेंगाळत राहतं. पाळी गेल्यावरही पुढे वर्षानुवर्षं जगणाऱ्या माद्या निसर्गात फारच थोड्या, ऑर्का, पायलट व्हेल, बेलुगा, नारव्हाल असे काही दातवाले देवमासे, आणि २०२३ मध्ये युगांडाच्या किबाले जंगलातल्या न्गोगो भागातल्या चिंपांझी माद्यांची त्यात भर पडली. आता ऑर्काला हॉट फ्लॅश येतो का हे तपासायला कोण थर्मामीटर घेऊन जाणार. ऱ्हीसस माकडिणींचं चक्र पंचविशीच्या आसपास थांबतं, १९८०च्या दशकात त्यांच्यावर कामं झाली, त्वचेचं तापमान मधेच चढतं असं दिसलंही, पण माकड सांभाळायचं म्हणजे खर्च, जागा, वीस-पंचवीस वर्षांची वाट. म्हणून सगळे फिरून उंदरावर येतात.

एक दुसरी पद्धतपण आहे, व्हीसीडी नावाचं केमिकल रोज टोचायचं, त्याने ओव्हरीतली बीजं हळूहळू संपतात आणि ओव्हरी जागेवरच राहते, म्हणजे आपल्यासारखं सावकाश. ॲरिझोनातल्या संशोधकांनी हा प्रकार वाढवला आणि त्यातल्याच काहींनी पुढे फ्लॅगस्टाफमध्ये कंपनी काढून तेच केमिकल शहरातल्या उंदरांची संख्या कमी करायच्या औषधात घातलं, २०१६ला त्याला अमेरिकेत सरकारी मंजुरी मिळाली. मेनोपॉजच्या अभ्यासातून थेट गटारातल्या उंदरांचं फॅमिली प्लॅनिंग! हे वाचून मी एकटीच हसले.

आमची ओव्हरी काढलेली उंदरीण म्हणजे खरंतर पाळी गेलेल्या बाईचं मॉडेल नाहीच, ती ऑपरेशनने एका दिवसात पाळी घालवलेल्या बाईचं मॉडेल आहे. तशा बाया आपल्याकडे कमी नाहीत. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण २०१९मध्ये बाहेर आलं, सरकारी समितीच्या पाहणीत तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली, कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. ज्यांच्या पिशवीबरोबर ओव्हरीपण काढल्या त्यांना पस्तिशीत वाफा यायला लागतात, आणि त्या उसाच्या फडात, उन्हात, कोयता हातात. मी गॅलरीत उभी राहून कुरकुर करते तेव्हा हे डोक्यात येतं. असो.

आता शेपटी.

उंदराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जास्तच उकडलं तर तो थुंकी अंगाला चोपडतो, ते सुकलं की गार वाटतं. पण त्याच्या आधीचा त्याचा खरा रेडिएटर म्हणजे शेपटी. केस जवळजवळ नाहीत, आत रक्तवाहिन्या भरपूर, गरज पडली की त्या उघडतात, गरम रक्त शेपटीत येतं, हवेला उष्णता देऊन परत जातं. थंडी असली की बंद. आपल्याला छाती-चेहऱ्यावर लाली येते तेच काम उंदराचं शेपटीत होतं. म्हणून हॉट फ्लॅशवर काम करणारे लोक उंदराच्या शेपटीच्या बुडाशी बारीक सेन्सर लावतात, पोटात दुसरा छोटा ट्रान्समीटर बसवतात, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतात. शेपटी तापली आणि पोटातलं तापमान त्यानंतर उतरलं, तर याचा अर्थ शरीराने उष्णता मुद्दाम बाहेर काढली. ताप असता तर उलटं झालं असतं, आधी शेपटी गार आणि आत वाढ. माझा ९८.२ तिथे बसतो.

हे उंदरावर मोजायची कल्पना बरीच जुनी. १९८३ मध्ये फ्लोरिडात जेम्स सिम्पकिन्स आणि मंडळींनी एक विचित्र वाटणारा प्रयोग केला, उंदरांना मॉर्फिनची सवय लावली आणि मग नॅलोक्झोन देऊन मॉर्फिनचा परिणाम एकदम तोडला. काही मिनिटांत शेपटीचं तापमान कित्येक अंशांनी वर, हृदयाचे ठोके वाढलेले, आतलं तापमान मग खाली. हुबेहूब आपलाच तक्ता. त्यांचं म्हणणं होतं की इस्ट्रोजेन जातं तेव्हा मेंदूच्या स्वतःच्या अफूसारख्या रसायनांचापण विथड्रॉवल होत असणार. मॉडेल म्हणून ते पुढे औषधं तपासायला खूप वापरलं गेलं, पण मला वाचताना कायम वाटत राहिलं की हे म्हणजे हॉट फ्लॅशची नक्कल आहे. एखाद्याला मिरचीची धुरी देऊन रडवलं तर डोळ्यातून पाणी येतं, पण त्याला दुःख झालं असं नाही ना म्हणता येत.

खरं मूळ सापडलं ते उंदरात नाही, मेलेल्या बायकांच्या मेंदूत. नेओमी रान्स, न्यूरोपॅथॉलॉजिस्ट, त्यांची पुढची सगळी कारकीर्द टुसॉनच्या ॲरिझोना युनिव्हर्सिटीत गेली. त्यांनी १९९० आणि १९९१ साली पोस्टमॉर्टेममधून मिळालेल्या हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या तळाकडच्या भागाच्या, चकत्या मायक्रोस्कोपखाली ठेवल्या आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये तळाशी एका छोट्या भागातल्या पेशी फुगलेल्या दिसल्या. तरुण बायकांपेक्षा ठळक मोठ्या. म्हातारपणी मेंदूच्या पेशी सुकतात असंच आपण ऐकलेलं, आणि इथे या ठरावीक पेशी टरारलेल्या, न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन बनवायचं काम जोरात चालू. पुढे दुसऱ्यांनी मेंढ्यांवर काम करून दाखवलं की याच पेशींमध्ये किसपेप्टिन आणि डायनॉर्फिनपण असतं, आणि तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (KNDy) त्यांचं नाव पडलं कँडी न्यूरॉन. किसपेप्टिनचं नावही अमेरिकेतल्या हर्शी गावातल्या किसेस चॉकलेटवरून आलेलं, कारण तो जीन तिथल्या लॅबमध्ये सापडला. एवढ्या गोड नावाची पेशी आणि रात्री पावणेतीनला हे उद्योग.

डायनॉर्फिन हे मेंदूचं स्वतःचं अफूच्या घराण्यातलं रसायन, त्यामुळे सिम्पकिन्सची मंडळी अगदीच भलत्या वाटेवर नव्हती असं आता म्हणता येतं.

पण फुगलेली पेशी दिसणं आणि तिच्यामुळेच वाफा येतात हे सिद्ध होणं यात फार अंतर आहे. मेलेल्या बाईला विचारता येत नाही की बाई तुला किती यायच्या. इथे उंदीर लागतो. ओव्हरी काढलेल्या उंदरिणीतही त्याच पेशी फुगतात आणि इस्ट्रोजेन दिलं की परत बसतात, हे आधी दाखवलं गेलं. मग रान्स यांच्या लॅबने त्या पेशी वेचून मारायची युक्ती केली, सॅपोरिन नावाचं विष, साबणवेलीसारख्या एका झाडाच्या बियांतून येतं, ते अशा रेणूला जोडलं की तो फक्त न्यूरोकायनिन बीचं कुलूप, म्हणजे रिसेप्टर, असलेल्या पेशीतच शिरेल. ते मेंदूत त्याच जागी टोचलं. २०१२ मध्ये छापून आलं, कँडी पेशी गेलेल्या उंदरिणींची शेपटी सतत गार राहिली, ओव्हरी काढूनसुद्धा. त्याच्या वर्षभर आधी उलटा प्रयोगही झाला होता, मेंदूत जिथे शरीराचा थर्मोस्टॅट आहे, प्रीऑप्टिक भाग, तिथे तेच कुलूप उघडणारं औषध सोडलं की उंदरिणीचं आतलं तापमान उतरायचं.

म्हणजे चित्र असं, इस्ट्रोजेन असतं तोवर ते या पेशींच्या खांद्यावर हात ठेवून असतं, गप बसा. ते गेलं की या मोकाट, आणि थर्मोस्टॅटला जाऊन सांगतात की घर पेटलंय, दारं-खिडक्या उघडा. घर पेटलेलं नसतंच. थर्मोस्टॅट बिचारा विश्वास ठेवतो. डेट्रॉइटमध्ये रॉबर्ट फ्रीडमन यांनी बायकांना तापमान कळवणारी कॅप्सूल गिळायला देऊन मोजलं होतं, घाम सुटायचा उंबरठा आणि कुडकुडायचा उंबरठा यात ज्यांना वाफा येत नाहीत त्यांच्यात साधारण ०.४ अंश सेल्सिअसचं अंतर, आणि ज्यांना येतात त्यांच्यात जवळपास शून्य. शून्य! चहाचा कप, सासूबाईंचा एक टोमणा, पांघरूण जरा जाड, कशानेही उंबरठा ओलांडला जातो. आई चहा कमी कर म्हणाली त्यात तथ्य निघालं म्हणायचं, सब्जाचं माहीत नाही.

२०१८ मध्ये सिॲटलला रिचर्ड पाल्मिटर यांच्या लॅबमध्ये तर छोट्या उंदरांच्या याच पेशी एका इंजेक्शनने चालू करता येतील अशी जनुकीय सोय केली, इंजेक्शन दिलं की शेपटी तापणार, मग आतलं तापमान उतरणार. ओव्हरी काढलेल्या माद्यांमध्ये हे जास्त सहज व्हायचं. आणि न्यूरोकायनिनचं कुलूप औषधाने बंद केलं की नाही व्हायचं.

त्याआधीच लंडनच्या इंपिरियल कॉलेजात तरुण, पाळी चालू असलेल्या निरोगी बायकांना शिरेतून न्यूरोकायनिन बी दिलं होतं, दहापैकी आठ जणींना चक्क हॉट फ्लॅश आला. ते वाचताना मी म्हटलं, बायांनो, तुम्ही सही करून हे विकत घेतलंत! पण उंदराचा धागा माणसापर्यंत जोडला तो त्यांनी. २०१७ मध्ये त्याच गटाने ३७ बायकांवर गोळीची छोटी ट्रायल केली आणि वाफा धडाधड कमी झाल्या. ती गोळी ज्या घराण्यातली, ती औषधं आधी स्किझोफ्रेनियासाठी बनवायला घेतली होती, तिथे चालली नाहीत म्हणून पडून होती. मे २०२३ मध्ये फेझोलिनेटंटला अमेरिकेत मंजुरी मिळाली, हॉर्मोन नसलेली, थेट या पेशींच्या निरोपावर बोळा घालणारी पहिली गोळी. २०२५ मध्ये एलिन्झानेटंट आली.

१९९१ ते २०२३. मी दहावीला नव्हते तेव्हापासून माझी पाळी जायची वेळ येईपर्यंत. मधल्या काळात किती बायकांना "होतं हो असं, वय आहे" सांगून घरी पाठवलं असेल. मलाही एका डॉक्टरने हेच सांगितलं, वर न बघता, प्रिस्क्रिप्शनवर कॅल्शियम लिहून.

आता उंदीर काय सांगू शकत नाही तेही लिहायला हवं, नाहीतर मी अगदीच उंदरांची वकील वाटेन. शेपटी तापली म्हणजे त्या उंदरिणीला "वाटलं" का काही? ती छातीतली आधीची धडकी, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कपाळावर घाम आल्यावरची लाज, पहाटेची चिडचिड, यातलं काहीच सेन्सरवर येत नाही. तिचा झटका आपल्यासारखा सुटा सुटा, ठळक असा क्वचितच असतो, बहुतेकदा शेपटी एकंदरीतच जास्त गरम राहते आणि हा फरक बऱ्याच अभ्यासांत दिसतो तो रात्री, तिच्या जागेपणी, कारण तिची झोपायची वेळ दिवसाची आणि तेव्हा धडधाकट उंदरिणीचीही शेपटी गरमच असते. शिवाय लॅबचं तापमान आपण आपल्या सोयीने २२ ठेवतो, उंदराला आरामशीर वाटतं ते २८-३०ला, म्हणजे तो कायमच जरा गारठलेला, शेपटी मिटून बसलेला. आणि ट्रायलमध्ये खोटी गोळी घेऊनही बायकांच्या वाफा बऱ्यापैकी कमी होतात हे सगळ्यांना माहीत आहे, उंदराला खोटी गोळी कळत नाही, त्यामुळे उंदरात झकास चाललेलं बरंच काही माणसात प्लासिबोच्या जेमतेम पुढे जातं. यकृताचंही तसंच, मंजुरीनंतर दीड वर्षाने फेझोलिनेटंटच्या पाकिटावर लिव्हरला इजा होऊ शकते अशी चौकटीतली वॉर्निंग आली, तीही माणसांनी घेतल्यावरच. मी ही गोळी घेत नाहीये, घ्या असंही सांगत नाहीये, माझी डॉक्टर आणि मी अजून ठरवतोय.

परवा त्या गॅलरीच्या रात्रीनंतर रविवारी माळ्यावरून थिसिस काढला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत वाळवीने नाही पण दमटपणाने पानं चिकटलेली. "प्राण्यांना २२ ± २ अंश तापमानात ठेवण्यात आले." तक्ते बघितले. वजन आहे, खाणं आहे, गर्भाशयाचं वजन आहे, मांडीच्या हाडाची राख आणि त्यातलं कॅल्शियम आहे. तापमान फक्त खोलीचं. बारा आठवडे रोज त्या उंदरिणींना शेपटीच्या बुडाला धरून उचललं, आठवड्याला शेपटीतूनच रक्त काढलं, आणि शेपटीचा एकही कॉलम नाही. त्या वेळी कुणी सांगितलं असतं की यांना हॉट फ्लॅश येत असेल तर मीच हसले असते. चोवीस वर्षांची होते, हॉट फ्लॅश म्हणजे पुस्तकातली एक ओळ.

माझ्या बरोबरची मैत्रीण आता हैदराबादला एका सीआरओत, म्हणजे दुसऱ्यांसाठी औषधांच्या चाचण्या करून देणाऱ्या कंपनीत आहे, तिला फोटो काढून पाठवला. ती माझ्याहून एक वर्षाने मोठी, तिची पाळी तर केव्हाच गेली. रात्री व्हॉइस नोट आली, आधी भरपूर हसणं आणि मग, "अगं तुला आठवतंय का, रक्त काढायच्या आधी आपण शेपटी कोमट पाण्यात बुडवायचो, शीर फुगावी म्हणून. आणि तुझ्या गट दोनला कधी कधी पाणी लागायचंच नाही, काका म्हणायचे, या मॅडमच्या उंदरांची शीर बघा कशी तयार आहे."

गट दोन म्हणजे ओव्हरी काढलेला, औषध न दिलेला गट. सहा उंदरिणी. मला हे अजिबात आठवत नाही, आणि सहांवर काही सिद्ध होत नाही, तीपण मागाहून रचत असेल. मी तिला लिहिलं, दिवसाच काढायचो ना आपण रक्त? तिचं उत्तर आलं, हो, सकाळी अकराला, त्या झोपलेल्या असायच्या.